भाऊसाहेब : डॉ. पंजाबराव देशमुख यांचे जीवन व कार्य





२७ डिसेंबर हा डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख यांचा जन्मदिवस. त्या निमित्ताने थोर व्यक्तींची ओळख करून देणाऱ्या या पानावर यंदा आम्ही त्यांचे चरित्र देत आहोत. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. आमच्या पाठ्यपुस्तकांत चंपारण होते, बारडोली होती, थोडेफार पंजाबच्या सर छोटूराम यांच्याविषयीही वाचायला मिळाले. परंतु पांढुर्ण्याच्या शिवेपलीकडे वरुड तालुका लागतो, त्याच अमरावती जिल्ह्यातल्या या शेतकरी पुढाऱ्याचे नाव आम्हाला पदवी घेईपर्यंत पुस्तकात भेटले नाही. आपल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत तसे होऊ नये, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

भाऊसाहेबांशी आपला संबंध केवळ शेजारचा नाही. आज आपण मध्य प्रदेशात आहोत आणि अमरावती महाराष्ट्रात. पण १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर ही दोघांचीही राजधानी होती. मध्य प्रांत व वऱ्हाड असे त्या जुन्या प्रांताचे नाव होते, आणि छिंदवाडा जिल्ह्यातली आपली सौंसर तहसील त्यात होती. म्हणून भाऊसाहेबांनी नागपूरच्या कौन्सिलात जे काम केले ते आपल्या पणजोबांच्या जमान्यातल्या आपल्या गावांसाठीही होते. पुढे राज्ये वेगळी झाली, २०२३ साली आपला पांढुर्णा जिल्हाही वेगळा झाला. पण कापूस, तूर आणि संत्रा यांचा हिशोब शिवेच्या दोन्ही बाजूंना सारखाच राहिला.

बालपण व शिक्षण

पंजाबरावांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या गावी झाला. वडिलांचे नाव शामराव, आईचे राधाबाई. घराण्याचे मूळ आडनाव कदम. देशमुखी वतनामुळे देशमुख हे आडनाव रूढ झाले. घर शेतकऱ्याचे होते. गावात प्राथमिक शाळा होती, पण पुढच्या वर्गांची सोय नव्हती. त्यामुळे चांदूर, कारंजा आणि शेवटी अमरावती असे गाव बदलत त्यांना शिकावे लागले. अमरावतीच्या हिंदू हायस्कूलमधून शालेय शिक्षण संपवून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले.

१९२० साली ते विलायतेला निघाले. त्या काळी वऱ्हाडातल्या एखाद्या शेतकऱ्याने मुलाला इंग्लंडला पाठवणे ही लहान गोष्ट नव्हती. वडिलांनी त्यासाठी कर्ज काढले. ही गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी, कारण ज्या माणसाने पुढे शेतकऱ्यांच्या कर्जासाठी कायदा व्हावा म्हणून जोर लावला, त्याचे स्वतःचे शिक्षण बापाच्या कर्जावर झाले होते. कर्ज म्हणजे काय हे त्यांना पुस्तक वाचून समजून घ्यावे लागले नाही.

स्कॉटलंडमधल्या एडिंबरो विद्यापीठात त्यांनी एम. ए. केले, संस्कृतसाठी शिष्यवृत्ती मिळवली आणि बॅरिस्टरीची परीक्षाही दिली. नंतर ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. त्यांच्या प्रबंधाचा विषय वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास हा होता. शेतकऱ्याच्या मुलाने हा विषय का घेतला असावा, असे कोणालाही वाटेल. त्या काळात वेद कोणी वाचायचे आणि कोणी नाही, याचे नियम समाजाने घालून दिले होते. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचाराचे वारे तेव्हा वऱ्हाडच्या खेड्यापाड्यांत पोचले होते. अशा वातावरणातल्या एका कुणबिकी करणाऱ्या घरच्या मुलाने वेदांचाच अभ्यास करून विलायतेत पदवी घ्यावी, याला त्या काळी फार मोठा अर्थ होता.

१९२६ साली ते परत आले. मनात आणले असते तर मुंबई किंवा नागपूरच्या मोठ्या कोर्टात बॅरिस्टर म्हणून सुखाने राहता आले असते. त्यांनी अमरावती निवडली.

समाजकार्याची सुरुवात

१९२७ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात फार घडामोडींचे ठरले. याच वर्षी मुंबईच्या विमलाबाई वैद्य यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा विवाह आंतरजातीय होता. विमलाबाईंनी पुढे पतीच्या कार्यात बरोबरीने भाग घेतला आणि त्यांच्या पश्चात त्या राज्यसभेच्या सदस्यही झाल्या.

याच वर्षी अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्य मानलेल्या बांधवांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ उभी राहिली. पंजाबराव तिच्या पुढाऱ्यांपैकी होते. नोव्हेंबर महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीला परिषद भरली. स्वतःच्या जातीच्या मतांवर निवडून येऊ इच्छिणाऱ्या तरुणाला अशा चळवळीत पडणे सोयीचे नव्हते. तरी ते पडले.

आणि याच वर्षी त्यांनी शेतकरी संघाची स्थापना केली. संघाचा विचार लोकांपर्यंत नेण्यासाठी पुढे महाराष्ट्र केसरी हे वर्तमानपत्र चालवले. शेतकऱ्यांनी एकत्र यावे आणि आपली माणसे कौन्सिलात पाठवावी, असा या संघाचा साधा विचार होता. शेतकऱ्यांची अशी संघटना केवळ आपल्याकडेच झाली असे नाही. अमेरिकेत कापूस आणि गहू पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी रेल्वे कंपन्यांचे भाडे, सावकारी व्याज आणि पडते भाव यांना कंटाळून १८९२ साली लोकपक्ष नावाचा पक्ष काढला होता. पंजाबात सर छोटूराम शेतकऱ्यांच्या कर्जाचा प्रश्न हाती घेत होते. जिथे जिथे शेतकरी बाजारासाठी पिकवू लागला, तिथे तिथे भाव दुसऱ्याच्या हातात आणि कर्ज आपल्या डोक्यावर अशी त्याची स्थिती झाली. वऱ्हाडचा कापूस रेल्वेने मुंबईला आणि तिथून जहाजाने परदेशी जात होता, म्हणून जगाच्या बाजाराचा फटका पापळसारख्या गावालाही बसत होता.

१९२८ साली ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचे पाऊल उचलले आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांसाठी खुल्या केल्या. शिक्षणाला पैसा लागतो, म्हणून कर वाढवायलाही ते कचरले नाहीत. शेतकऱ्यांचा पुढारी म्हणवणाऱ्याने शेतकऱ्यांवरच कर बसवावा हे वरवर उलटे दिसते. पण मुलांच्या शाळेसाठी दिलेला पैसा परत घरातच येतो, अशी त्यांची धारणा होती.

मंत्रिपद आणि कर्ज लवाद कायदा

१९३० साली ते मध्य प्रांत-वऱ्हाडच्या कौन्सिलवर निवडून गेले व मंत्री झाले. शिक्षण, शेती, सहकार अशी खाती त्यांच्याकडे होती. वय अवघे बत्तीसच्या आसपास.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. १९३० साली महात्मा गांधींचा सविनय कायदेभंग चालू होता. काँग्रेसने कौन्सिलच्या निवडणुकीवर बहिष्कार घातला होता व हजारो लोक तुरुंगात जात होते. अशा वेळी इंग्रजांच्या राज्यात मंत्री होणे योग्य होते का, हा प्रश्न मोठ्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना पडेल आणि तो पडावा. एका बाजूला देशाचे स्वातंत्र्य, दुसऱ्या बाजूला जप्तीच्या नोटिशीत सापडलेला शेतकरी. पंजाबरावांनी त्या वेळी दुसऱ्या बाजूचे काम हाती घेतले. पुढे ते काँग्रेसमध्येही आले. त्या काळच्या कित्येक भल्या माणसांनी वेगवेगळे रस्ते धरले होते हे आपण समजून घ्यावे.

त्यांच्या हातात सत्ता तरी किती होती? त्या वेळच्या राज्यपद्धतीत शिक्षण, शेती, सहकार यांसारखी खाती लोकांच्या मंत्र्यांकडे दिली जात, पण तिजोरी आणि जमीन महसूल इंग्रज सरकार आपल्याच हाती ठेवी. म्हणजे शेतीचा मंत्री होता, पण शेतसारा माफ करण्याचा अधिकार त्याला नव्हता. तेव्हा सारा सोडून दुसरे जे ओझे शेतकऱ्यावर होते, त्या सावकारी कर्जाकडे लक्ष देणे हाच मार्ग उरला होता.

१९२९ नंतर जगभर मंदी आली व शेतमालाचे भाव कोसळले. याचा कर्जावर काय परिणाम होतो ते विद्यार्थ्यांनी वहीवर मांडून पाहावे. समजा एका शेतकऱ्याने १०० रुपये दरमहा शेकडा २ रुपये व्याजाने घेतले. वर्षाचे व्याज २४ रुपये. वर्षअखेर व्याज मुद्दलात मिळवले तर पहिल्या वर्षी १२४, दुसऱ्या वर्षी १५३ रुपये ७६ पैसे आणि तिसऱ्या वर्षी १९० रुपये ६६ पैसे होतात. म्हणजे तीन वर्षांत कर्ज दुपटीच्या जवळ जाते. आता कापसाचा भाव निम्मा झाला असे धरा. जे कर्ज एक गाडी कापसात फिटले असते, त्याला आता जवळजवळ चार गाड्या लागतील. शेतात मात्र पूर्वीइतकाच कापूस पिकतो. यात शेतकऱ्याचा आळस नाही, उधळेपणाही नाही. केवळ भाव आणि व्याज यांच्या कात्रीत जमीन सावकाराच्या नावावर जाते.

यावर उपाय म्हणून १९३३ साली मध्य प्रांतात कर्ज लवाद कायदा झाला. त्यामागे पंजाबरावांचा मोठा जोर होता. देशातल्या अशा प्रकारच्या अगदी पहिल्या कायद्यांपैकी तो एक होय. त्याची पद्धत अशी होती. कर्जदार शेतकरी किंवा त्याचा सावकार लवाद मंडळाकडे अर्ज करी. मंडळ सर्व सावकारांना आपापल्या वह्या व कागद घेऊन बोलावी. शेतकऱ्याची जमीन किती, पीक किती, खाणारी तोंडे किती हे पाहून तो खरोखर किती फेडू शकेल याचा अंदाज घेतला जाई. मग रक्कम कमी करून तिचे हप्ते पाडून दिले जात. पुरेशा हिश्श्याच्या सावकारांनी तडजोड मान्य केली की ती लिहून पक्की होई. जो सावकार वाजवी तडजोड नाकारी त्याला पुढे कोर्टात खर्च मिळत नसे व त्याच्या व्याजावरही मर्यादा येई.

यात कोणाचे कर्ज बुडवण्याचा हेतू नव्हता. सावकाराला त्याचे पैसे मिळावे, पण शेतकऱ्याची जमीन आणि बैलजोडी टिकून मिळावे, असा मधला मार्ग होता. सौंसर, पांढुर्णा भागात तेव्हा मालगुजारी होती. मालगुजार बहुधा सावकारीही करी. सारा वसूल करणारा आणि कर्ज देणारा एकच असला तर शेतकऱ्याने दाद कुणाकडे मागावी? अशा ठिकाणी सावकाराला वही घेऊन मंडळापुढे बसावे लागणे हीच नवी गोष्ट होती.

कायद्याच्या मर्यादाही होत्या. भाव पडलेलेच राहिले, म्हणून कमी केलेले हप्तेही कित्येकांना जड गेले. सावकारांनी नवीन कर्ज देताना हात आखडता घेतला आणि सहकारी सोसायट्या अजून इतक्या मजबूत नव्हत्या की ती जागा भरून काढतील. अखेर १९३९ साली प्रांताला कर्जनिवारणाचा वेगळा कायदा करावा लागला. मालगुजारी तर स्वातंत्र्यानंतर १९५१ साली संपली. एका कायद्याने शेतकरी सुखी होत नाही. पण कर्ज हा शेतकऱ्याच्या नशिबाचा भाग आहे असे मानणाऱ्या काळात, तो राज्याने सोडवायचा प्रश्न आहे हे या कायद्याने कबूल केले.

याच काळात त्यांनी देवस्थानांच्या संपत्तीचा उपयोग लोकोपयोगी कामाकडे वळावा म्हणून विधेयक मांडले. त्याला विरोध झाला व ते पार पडले नाही. १९३३ साली त्यांनी मंत्रिपद सोडले.

शिक्षणसंस्था

मंत्रिपदाच्या काळातच, १९३२ साली, अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. त्याआधी श्रद्धानंद छात्रालय सुरू झाले होते. छात्रालयात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत व जेवत. स्वतः गावोगाव फिरून शिकलेल्या भाऊसाहेबांना ठाऊक होते की खेड्यातल्या मुलाची अडचण फक्त फीची नसते. शहरात राहायचे कुठे आणि जेवायचे काय, हे त्याचे खरे प्रश्न असतात. म्हणून शाळेच्या बरोबरीने वसतिगृहावर त्यांचा भर राहिला.

आज या संस्थेच्या शाळा व महाविद्यालये विदर्भाच्या सर्व भागांत पसरली आहेत. कला, विज्ञान, शेती, वैद्यक अशा अनेक शाखा तिथे आहेत. लोकांच्या वर्गणीवर उभी राहिलेली ही संस्था आहे हे आपल्या विश्वस्त मंडळींना विशेष आवडेल, कारण गावाने पैसा पैसा जमवून शाळा चालवणे म्हणजे काय हे त्यांना सांगावे लागत नाही. कर्मयोगी गाडगेबाबा व राष्ट्रसंत तुकडोजी महाराज हेही त्याच अमरावती जिल्ह्याचे आणि त्याच काळातले. एकाने झाडू हाती घेतला, एकाने खंजिरी, आणि भाऊसाहेबांनी शाळा व कायदा.

घटना समिती व दिल्ली

१९४६ साली स्थापन झालेल्या घटना समितीत भाऊसाहेब आपल्या प्रांतातर्फे सदस्य होते. तिथे त्यांनी खेड्यातील मागास राहिलेल्या जातींची बाजू मांडली. २६ जानेवारी १९५० रोजी अखिल भारतीय मागासवर्ग महासंघ स्थापन झाला, त्याचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. राज्यघटनेच्या कलम ३४० प्रमाणे १९५३ साली काका कालेलकर यांच्या अध्यक्षतेखाली पहिला मागासवर्ग आयोग नेमला गेला. त्या मागणीमागे ज्यांचे श्रम होते त्यांत भाऊसाहेबांचे नाव घ्यावे लागते.

१९५२, १९५७ आणि १९६२ अशा तिन्ही निवडणुकांत ते अमरावतीतून लोकसभेवर गेले. १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे ते केंद्रात कृषिमंत्री होते. त्यांना देशाचे पहिले कृषिमंत्री म्हणण्याची रीत आहे. विद्यार्थ्यांनी सामान्य ज्ञानाच्या परीक्षेसाठी हे नीट समजून घ्यावे. त्यांच्या आधी डॉ. राजेंद्र प्रसाद, जयरामदास दौलतराम व कन्हैयालाल मुन्शी यांनी अन्न व कृषी खाते सांभाळले होते. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर आलेल्या सरकारात कृषी खात्याचे मंत्री पंजाबराव झाले.

त्या दहा वर्षांतील कामांपैकी काही ठळक गोष्टी अशा. १९५३ सालापासून भातशेतीच्या जपानी पद्धतीची मोहीम देशभर चालली. गादीवाफ्यावर थोड्या बियाण्यात रोपे तयार करायची, ओळीने लावायची, खत व निंदण वेळेवर करायचे, अशी ती पद्धत. १९५६ साली शेतमालाच्या साठवणुकीसाठी गोदाम महामंडळांचा कायदा झाला. शेतकऱ्याचा माल काढणीच्या वेळी पडत्या भावात जातो, कारण तो ठेवायला जागा नसते आणि थांबायला पैसा नसतो. गोदामात माल ठेवून पावतीवर कर्ज मिळाले तर तो थांबू शकतो. १९६० साली पंतनगरला देशातील पहिले कृषी विद्यापीठ सुरू झाले.

१९५५ साली त्यांनी भारत कृषक समाज स्थापन केला. सर्व राज्यांतील शेतकऱ्यांना एका व्यासपीठावर आणणारी, पक्षाच्या बाहेरची अशी ही संघटना होती. या संघटनेने दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवले. ११ डिसेंबर १९५९ रोजी ते सुरू झाले आणि १९६० च्या फेब्रुवारीपर्यंत चालले. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर त्या पहिल्या दिवशी तिथे आले होते. देशोदेशीची अवजारे, बियाणी व जनावरे पाहायला खेड्यांतून शेतकरी दिल्लीला गेले. तरुण शेतकऱ्यांनी परदेशी जाऊन तिथली शेती पाहावी अशी सोयही कृषक समाजाने केली.

या काळाचा दुसरा भागही सांगितला पाहिजे. देशाला तेव्हा धान्य पुरत नव्हते. १९५६ साली अमेरिकेकडून धान्य घेण्याचा करार करावा लागला. कापसाखालचे, धान्याखालचे बहुतेक क्षेत्र पावसाच्या भरवशावर होते. धान्याच्या बाबतीत देश आपल्या पायावर उभा राहण्याचे दिवस भाऊसाहेबांना पाहायला मिळाले नाहीत. १० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्याच्या पुढच्याच वर्षी मेक्सिकोचे गव्हाचे बियाणे मोठ्या प्रमाणावर आले व हरितक्रांतीला वेग आला.

२० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्याला त्यांच्या नावाने कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आपल्या भागातील कित्येक शेतकरी संत्र्याच्या कलमांसाठी व कापसाच्या सल्ल्यासाठी विदर्भाकडे पाहतात, तेव्हा त्या नावाशी त्यांची गाठ पडतेच.

आज त्यांच्यापासून काय घ्यावे

भाऊसाहेबांच्या वऱ्हाडातच नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून कर्जापायी शेतकऱ्यांच्या आत्महत्या होऊ लागल्या. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदतीची योजना जाहीर केली त्यांत अमरावतीही होता. ज्या मातीतून कर्ज लवाद कायद्याचा पुढारी निघाला तिथेच हे व्हावे, याचे दुःख वाटते. १९३३ सालचा प्रश्न नाव बदलून परत आला आहे. सावकाराच्या वहीबरोबर आता बियाणे, औषध व खताच्या दुकानातली उधारी असते, पण भाव आणि व्याजाची कात्री तीच आहे.

आपल्या शाळेतही हा प्रश्न येऊन बसतो, फक्त तो हजेरीपटाच्या रूपात येतो. दिवाळीनंतर कापूस वेचणीच्या दिवसांत वर्गातली बाके रिकामी दिसतात. आठवीनंतर काही मुले बोरगावच्या कारखान्यांकडे कामाच्या आशेने पाहू लागतात. काही मुलींचे शिक्षण थांबते, कारण पुढची शाळा लांब आहे. पालक हौसेने मुलाला घरी ठेवत नाहीत, हे आम्ही इतक्या वर्षांच्या अनुभवाने जाणतो. वेचणीच्या मजुरीला पैसे नसले की घरातलेच हात मोजले जातात.

म्हणून या जयंतीला केवळ फोटोला हार घालून थांबू नये असे आम्हाला वाटते. लवाद मंडळाने जे तत्त्व धरले होते ते आपल्या शाळेपुरते वापरता येईल. ज्याला द्यायचे आहे त्याच्या हातात पैसा केव्हा येतो ते पाहून हप्ते पाडावे, हे ते तत्त्व. शाळेची फी जून-जुलैत भरावी लागते, आणि नेमके तेव्हाच पेरणीचे बियाणे व खत घ्यायचे असते. शेतकऱ्याच्या घरात पैसा येतो तो कापूस निघाल्यावर, आंबिया बहाराचा संत्रा गेल्यावर, किंवा मृग बहार असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये. तेव्हा शेतकरी व शेतमजूर पालकांसाठी फीचे हप्ते पिकाच्या हंगामाप्रमाणे पाडावे, आणि वेचणीच्या दिवसांत मागे पडलेल्या मुलांसाठी सकाळचा जादा वर्ग ठेवावा, असा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळासमोर ठेवत आहोत. मंडळाने तो आपुलकीने विचारात घ्यावा ही विनंती.

पालकांनाही एक विनंती. मुलाला एखादा दिवस शेतावर न्यावे लागले तर जरूर न्या, पण शाळेला कळवा, आणि नाव काढून घेण्याचा विचार मनात आला तर आधी आमच्याकडे या. हिशोब एकत्र बसून करू. पापळच्या शामरावांनी कर्ज काढून मुलाला शिकवले, ती जोखीम प्रत्येक बापाने घ्यावी असे आम्ही म्हणणार नाही. शाळेसाठी कोणाला कर्जच काढावे लागू नये, अशी व्यवस्था करणे हे आपल्या सर्वांचे काम आहे.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी काम असे. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा की त्यांच्या लहानपणी कापसाचा व संत्र्याचा भाव काय होता, कर्ज कुठून मिळे, व्याज किती असे, आणि सोसायटी गावात आल्यावर काय बदलले. ते एका पानावर लिहून आणा. वर दिलेले व्याजाचे गणित शेकडा १ रुपया आणि शेकडा ३ रुपये दराने पुन्हा करून पाहा. निवडक पाने आम्ही पुढच्या अंकात छापू.

भाऊसाहेब डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या स्मृतीस आपल्या शाळा परिवारातर्फे विनम्र अभिवादन.

आपले,
प्राचार्य